दोन घरं आणि एक पंप

१२ मे

टिल्लीच्या बाबा,

आपलं फोनवरचं बोलणं तिसऱ्या वाक्याला भांडणावर येतं, म्हणून कोर्टातल्या समुपदेशक बाईंनी सुचवलं की मुलीबद्दल जे सांगायचं ते एकमेकांना लिहून सांगा. मला लिहायला वेळ नाही आणि तुला लिहायची सवय नाही, तरी करून बघू. हे पाकीट तिच्या दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवतेय. नीट चिकटवलंय. तूही उत्तर असंच चिकटवून पाठव. पोरगी नऊ वर्षांची आहे, तिला आता सगळं वाचता येतं.

मुद्द्याचं लिहिते. रविवारी संध्याकाळी ती तुझ्याकडून परत आली आणि सोमवारी पहाटे खोकत उठली. हे सलग तिसऱ्या खेपेला झालं. पुढे तुझा सुतारकामाचा कारखाना, मागे राहायच्या दोन खोल्या, मधे एक दार, आणि ते दार मी तिथे होते तेव्हाही कधी बंद नसायचं. खिडकीतून ऊन आलं की भुसा हवेत तरंगताना दिसतो. त्यात तुझं पॉलिश, तुझा सरस. दमा असलेल्या मुलीला दर शुक्रवार-शनिवार तिथे झोपवणं मला पटत नाही.

औषधाचं पुन्हा एकदा सांगते, कंटाळलास तरी वाच. तपकिरी पंप रोजचा. सकाळी दोन फवारे, संध्याकाळी दोन, पंपाला ती जाड नळी लावून, आणि नंतर चूळ. छाती चांगली असली तरी घ्यायचाच, कारण आतली सूज त्यानेच ताब्यात राहते. निळा पंप फक्त दम लागला तर. दोन्ही दप्तरात तिच्याबरोबर येतात-जातात. नळी धुवून उन्हात वाळव, फडक्याने पुसू नकोस.

टिल्लीची आई

१९ मे

टिल्लीच्या आईस,

तुझं पत्र वाचून मला तुझ्या बसमध्ये चुकीच्या दाराने चढल्यासारखं वाटलं. प्रवाशांना तू असंच झापतेस ना आरशातून बघून?

बरं, गमतीचं राहू दे. मधलं दार मी बदललंय. नवीन दाराला खाली रबराची पट्टी लावलीय आणि ते आपोआप मिटतं. शुक्रवारी दुपारपासून रंधा नाही, करवत नाही, पॉलिश तर आठवड्यात एकदाच, तेही मागच्या अंगणात. ती यायच्या आधी मी अंघोळ करून कपडे बदलतो. शेजारचे म्हणतात, दर शुक्रवारी मुलगी बघायला चाललास की काय.

आणि एक सांगू का? माझ्याकडे दोन दिवसांत ती एकदाही खोकली नाही. मी मुद्दाम लक्ष ठेवून होतो. उलट मला तिच्या तुझ्या घरातल्या खोलीची काळजी वाटते. तिच्या पलंगामागच्या भिंतीला ओल आहे, हे तिनेच सांगितलं. काळा डाग आहे आणि त्याचा आकार बदकासारखा आहे म्हणे. बदक गोड वाटलं तरी ती बुरशी आहे. आधी तिच्याकडे बघ, मग माझ्या भुशाकडे.

औषध ती स्वतःच घेते. शहाणी आहे, सांगावं लागत नाही.

बाबा

२३ जून

बाबा,

पाऊस लागला. भिंत खरवडून, धुवून, औषध मारून घेतली. पलंग दुसऱ्या भिंतीशी हलवला. आता बदक नाही, तेव्हा तो विषय मिटला.

परवा तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पाठीला स्टेथोस्कोप लावला आणि म्हणाल्या, “छाती वाजतेय.” त्या फुंकायच्या यंत्रात फुंकायला लावलं, तर काटा असायला हवा त्याच्या बराच खाली. टिल्ली म्हणाली, “मी नीट फुंकलं नाही, पुन्हा फुंकते.” पुन्हा तेच. बाईंनी विचारलं, रोजचा पंप चालू आहे ना? मी म्हटलं, अर्थातच. त्यांनी औषध तेच ठेवलंय आणि तीन महिन्यांनी दाखवायला सांगितलंय. चिठ्ठी या पाकिटात आहे.

तू म्हणतोस तुझ्याकडे खोकत नाही. माझ्याकडे मंगळवार ते शुक्रवार ती ठणठणीत असते. निळा पंप मी महिनाभर हातातसुद्धा घेतलेला नाही. मला पहाटे चारला डेपोत हजर व्हावं लागतं, पण वरच्या मजल्यावरच्या काकू तिला उठवून, आवरून शाळेत पाठवतात. त्यांचीही काही तक्रार नाही. खोकते ती फक्त सोमवारी, म्हणजे तुझ्याकडून आल्यावर. यातून काय निष्कर्ष काढायचा ते तूच सांग.

आई

६ जुलै

टिल्लीच्या आईस,

निष्कर्ष काढायला मी काही न्यायाधीश नाही. तुला हवा तो निष्कर्ष तू आधीच काढलेला असतो, मग आम्ही फक्त सही करायची.

तिचं बरं चाललंय. शनिवारी आम्ही दोघांनी मिळून तिच्यासाठी पुस्तकांची फळी केली. म्हणजे मी बाहेर कापून आणली आणि आत तिने स्क्रू पिळले. एकेक स्क्रू पिळताना मधेच थांबायची, टेकून बसायची, मग पुन्हा. मी म्हटलं, “काय गं, सरकारी नोकरीत लागलीस का?” तर हसली नुसती.

एक मजा सांगतो. ती हल्ली बसून झोपते. दोन उशा पाठीशी घेते, भिंतीला टेकते आणि तशीच झोपी जाते, एखाद्या रेल्वेच्या डब्यातल्या म्हाताऱ्यासारखी. मी आडवं करायला गेलो तर म्हणाली, “असू दे बाबा, असंच बरं वाटतं.” तुझ्याकडेही असंच करते का?

बाबा

८ जुलै

बसून झोपते हे तू मला मजा म्हणून सांगतोस?

आडवं झालं की तिला श्वास पुरत नाही, म्हणून ती बसते. एवढं कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही. माझ्याकडे ती आडवी झोपते. मी डेपोत जाताना रोज तिच्या खोलीत डोकावते आणि ती आडवी असते, पांघरूण डोक्यावर घेऊन.

आता पुरे झालं. पाऊस संपेपर्यंत ती तुझ्याकडे राहायला येणार नाही. रविवारी सकाळी दहा ते संध्याकाळी पाच तू तिला बाहेर भेट. बागेत भेट, ग्रंथालयात भेट, कुठेही, पण त्या घरात नाही. दादाच्या ओळखीचे एक वकील आहेत. मी त्यांच्याकडून तसा अर्ज करून घेतेय.

आई

१० जुलै

तुझ्या भावाला विचार, वकिलाशिवाय त्याला कधी झोप लागते का.

अर्ज कर. मी रविवारी दहाला बागेच्या फाटकाशी उभा असेन.

२० ऑक्टोबर

टिल्लीच्या आईस,

तीन महिन्यांत आपण एकमेकांना एक ओळ लिहिली नाही. रविवारी पाळीच्या मधल्या सुट्टीत तू तिला फाटकाशी सोडतेस आणि रस्त्याच्या त्या बाजूनेच वळतेस. हरकत नाही.

अर्जाची नोटीस मिळाली. दोन डिसेंबरची तारीख आहे. वकिलाने लिहिलंय की माझं निवासस्थान मुलीच्या प्रकृतीस अपायकारक आहे. वाक्य दोनदा वाचलं. मग एक काम केलं, ते तुला कळवायला हे पत्र.

कारखाना हलवला. गावाबाहेरच्या गाळ्यांमध्ये एक जागा भाड्याने घेतली आणि यंत्रं, लाकूड, पॉलिश सगळं तिकडे नेलं. मी राहायलाही दुसरीकडे गेलोय, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. इथे कधी कुणी लाकूड कापलेलं नाही. भिंती कोरड्या, फरशी उघडी. सतरंजी नाही, पडदे नाहीत, कापसाची जुनी गादीही टाकून दिली. मित्र म्हणतो, ही खोली आहे की दवाखाना. रोज सायकलने लांब जावं लागतं, पण ते चालतं.

एकदा येऊन बघ. तुला यायचं नसेल तर तुझ्या दादाला पाठव, त्याला फरशीवर बोट फिरवून बघू दे. आणि एक रविवार तिला घरी येऊ दे. बागेत आता गारठा असतो. मागच्या वेळी बाकावर बसून तिचे ओठ फुटले होते.

बाबा

२ नोव्हेंबर

बाबा,

मी स्वतः येऊन गेले. तू गाळ्यावर होतास, तेव्हा तुझ्या घरमालकिणीने दार उघडून दाखवलं. जागा स्वच्छ आहे. खिडकीची कडीसुद्धा पुसलेली होती.

१६ तारखेच्या रविवारी ती तुझ्याकडे येईल. दहा ते पाच. राहायचं नाही. कोर्टाची तारीख आहे तशीच आहे.

तिची तब्येत ठीक आहे. मधे थोडी सर्दी झाली होती.

आई

१८ नोव्हेंबर

टिल्लीच्या आईस,

काल तिच्या पलंगाशी उभं राहून तू मला विचारलंस, “नक्की काय झालं ते एकदा सांग.” मी म्हणालो, “एकदम झालं.” तू पुढे काही विचारलं नाहीस. आता ती झोपलीय, नर्सने मला बाहेरच्या बाकावर बसवलंय आणि कागदही तिनेच दिलाय. जसं झालं तसं लिहितो.

बसथांब्यावरून घरी येत होतो. धुकं होतं, थंडी चांगलीच होती. ती म्हणाली, “कोण आधी?” आणि पळत सुटली. मीही तिला जिंकू द्यायचं म्हणून मागे मागे. फाटकापाशी ती गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभी होती. मला वाटलं हसतेय. म्हटलं, “जिंकलीस बाई.” काही बोलली नाही. जिने चढताना प्रत्येक वळणावर थांबली. तीच मुलगी जी जुन्या घरी माझ्या आधी पोचून दार वाजवत बसायची.

खोलीत आल्यावर ती सरळ जमिनीवर बसली. खांदे वर-खाली होत होते. मी म्हटलं, “टिल्ली, पंप काढतो.”

“नको. होईल बरं.”

“नको काय? दप्तर कुठाय?”

दप्तर तिने पाठीमागे सरकवलं. माझ्यापासून लपवल्यासारखं. मी ओढून घेतलं, निळा पंप काढला, हलवला, नळीला लावला. पहिला फवारा तिने घेतला. दुसरा अर्धवट आला. तिसऱ्याला नुसता टक असा आवाज. हलवला, पुन्हा दाबला. टक. पुन्हा. काही नाही.

“दुसरा कुठाय?”

“ना... ही.”

एक शब्द दोन श्वासांत. तिच्या गळ्याखालचा खळगा दर श्वासाला आत ओढला जात होता. ओठांचा रंग मला आवडला नाही. रुग्णवाहिकेला फोन लावला, तर म्हणाले धुक्यामुळे वीस मिनिटं लागतील. वीस मिनिटं मला परवडणारी नव्हती. तिला उचललं आणि जिना उतरलो. उतरताना ती माझ्या कानात म्हणाली, “बाबा, आईला... इकडे झालं... नको सांगू.” मला वाटलं तुला काळजी वाटेल म्हणून म्हणतेय.

समोरच्या हॉटेलपाशी लॉन्ड्रीची गाडी उभी होती. चालक धुतलेल्या चादरींचे गठ्ठे उतरवत होता. मी काही बोलायच्या आत त्याने तिच्याकडे बघितलं, हातातला गठ्ठा फुटपाथवर ठेवला आणि पुढचं दार उघडलं. “बसा.” बाकीच्या चादरी तशाच मागे पडल्या असतील. वाटभर तो तिच्याशी बोलत होता. “ताई, सरळ बस हां. माझ्याकडे बघ. हळू सोड श्वास, मेणबत्ती विझवतेस तशी. घाई नाही, सिग्नल आपलेच आहेत.” सिग्नल आपले नव्हते. त्याने तीन तोडले. तुझ्या खात्यातल्या माणसाने तोडले असते तर तू नोकरीवरून काढलं असतंस. त्याचं नाव विचारायचं राहिलं.

पुढचं तू बघितलंसच. मास्क, ऑक्सिजन, सुई. तू गणवेशातच आलीस, हातात अजून बसच्या किल्ल्या होत्या.

आता मला झोप लागू देत नाही ते लिहितो. डॉक्टरांनी दप्तरातून तपकिरी पंप काढून विचारलं, “हा कधी उघडलात?” तू म्हणालीस, “हा बाबाने आणलेला असणार.” मी म्हणालो, “मी कुठे? हा तू आणलास ना?” डॉक्टर आपल्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले. मग म्हणाले, “नियमाने घेतला तर हा महिनाभर पुरतो. औषध संपल्यावरही काही दिवस फवारा येतो, पण तो नुसता वायू. तुमच्यापैकी शेवटचा नवीन पंप कुणी आणला?”

तू माझ्याकडे बघितलंस, मी तुझ्याकडे.

काल रात्री कपडे आणायला घरी गेलो तेव्हा जूनची ती चिठ्ठी मला माझ्या खणात सापडली, तुझ्या पत्रातच घडी केलेली. मला वाटलं, तू डॉक्टरांकडे जाऊन आलीस याचा पुरावा म्हणून पाठवलीस. भांडणातलं कागदपत्र समजून मी ती ठेवून दिली. म्हणजे निदान जूनपासून या मुलीच्या छातीत औषध गेलेलंच नाही. मी कारखाना हलवला, भिंती पुसल्या, गादी फेकली. पंप हातात घेऊन एकदाही हलवून बघितला नाही.

बाबा

२४ नोव्हेंबर

टिल्लीच्या बाबा,

काल तिला घरी आणलं. मी पंधरा दिवसांची रजा टाकलीय.

चिठ्ठी मी पाठवली ती तू औषध आणावंस म्हणून. पण तसं एका शब्दाने लिहिलं नाही. लिहिलं असतं तर ते विनंती केल्यासारखं झालं असतं, आणि जूनमध्ये मला तुला काही विनंती करायची नव्हती. पुढे तिच्या हातात पंप दिसायचा, म्हणजे तू आणला असशील असं मी धरून चालले. तीन महिन्यांनी दाखवायला न्यायचं होतं, तेही माझ्या पाळ्या आणि वकिलाच्या चकरा यांत राहून गेलं. सप्टेंबरात तिला झालं ती थोडी सर्दी नव्हती. ती चार दिवस शाळेत गेली नाही. तुझ्याकडे राहायला येत नसतानाही तिला होतंय, हे कागदावर लिहिलं तर ते कोर्टात माझ्याच अंगावर आलं असतं. म्हणून मी तुला कळवलं नाही.

आज सकाळी तिच्या केसांची वेणी घालता घालता विचारलं. समोरासमोर विचारलं की ती तोंड मिटते, पाठमोरी असली की बोलते. म्हटलं, “तुला कळलं नाही का गं पंप संपलाय ते?”

“कळलं ना. आधी चव गेली. मग आवाज गेला.”

“मग सांगितलं का नाहीस?”

मी वेणी सोडून पुन्हा घालायला घेतली.

मग म्हणाली, “मागच्या वर्षी संपला होता तेव्हा मी तुला सांगितलं. तू फोन लावून बाबाला ओरडलीस. मग बाबाने मला सांगितलं की आईला सांग, तिचीच पाळी होती. मग तू परत ओरडलीस.”

“म्हणून तू रिकामा पंप ओढत बसलीस?”

“निळ्याने बरं वाटायचं. तू कामाला गेलीस की मी घ्यायचे. काकू यायच्या आधी.”

रोज पहाटे. मी डोकावून दार लोटलं की ती उठून बसायची आणि निळा पंप घ्यायची. पांघरूण डोक्यावर घेऊन झोपायची ते मला श्वास ऐकू जाऊ नये म्हणून. तुझ्याकडे खोकला आला की उशीत तोंड घालायची, नाहीतर न्हाणीघरात जाऊन नळ सोडायची. यंत्रांच्या आवाजात तुझे कान तसेही गेलेत, तुला काय ऐकू येणार. म्हणाली, “तुझ्याकडे खोकले तर तू म्हणतेस बाबाकडून आणलं. बाबाकडे खोकले तर तो म्हणतो भिंतीमुळे. मग तू मला त्याच्याकडे पाठवत नाहीस.” इतकं शांतपणे म्हणाली, जणू पाढे म्हणून दाखवतेय.

आणि सोमवार. सोमवारीच खोकते, सोमवारीच खोकते, असं मी तुला, डॉक्टरीणबाईंना, दादाला, वकिलाला, सगळ्यांना सांगत सुटले. अर्जातही तेच लिहून दिलं. सोमवारी माझी सुट्टी असते. पहाटे मी घरी असते ती फक्त सोमवारी. खोकला रोजचा होता, मला ऐकू यायचा एवढाच.

अर्ज मागे घेतेय. दादा रागावला. मी त्याला म्हटलं, तुला रागवायचंय तर पंधरा दिवस पहाटे इथे येऊन तिच्या खोलीत बस, मग बोलू.

आई

७ डिसेंबर

टिल्लीच्या आईस,

अर्ज मागे घेतल्याचं कळलं. दर शुक्रवारी पूर्वीसारखं पाठवायला तू तयार आहेस, हेही कळलं. पाच महिने मी याच गोष्टीची वाट बघत होतो.

पण काही दिवस तिला पाठवू नकोस. मला भीती वाटते.

जिना उतरताना ती माझ्या हातात किती हलकी लागली ते तुला सांगता येणार नाही. मी रोज लाकडाचे ओंडके उचलतो. त्या दिवशी जिन्यात मला कळत नव्हतं की मी काही उचललंय की नाही. आता खाली रस्त्यावर कुणी खोकलं तरी मी खिडकीत जातो. समजा पुन्हा झालं, पुन्हा धुकं असलं, आणि समोर लॉन्ड्रीची गाडी नसली तर? तुझ्याकडे शेजार आहे, काकू आहेत. माझ्याकडे तिसरा मजला आहे आणि एक म्हातारी घरमालकीण.

मी रविवारी तुमच्याकडे येऊन तिला भेटत जाईन. तू घरी असताना. थंडी संपली की बघू.

बाबा

१० डिसेंबर

टिल्लीच्या बाबा,

नाही. शुक्रवारी ती येतेय.

पाळण्यात तान्हं मूल असल्यासारखी मी पंधरा दिवस तिच्याकडे टक लावून बसलेय. ती परवा म्हणाली, “आई, तू कामावर जा ना.” मलाही भीती वाटते. बस चालवताना आरशात बघते तर मागे प्रवासी नाही, तीच दिसते. पण तू आता नाही म्हणालास तर ती एकच गोष्ट शिकेल, की दम लागला तर बाबा जातो. मग ती पुन्हा उशीत तोंड घालेल.

डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे आता दोन्ही घरी दोन्ही पंप वेगवेगळे. दप्तरात तिसरा निळा. त्यामुळे कुणी आणायचा हा प्रश्नच नाही, ज्याच्या घरचा त्याने आणायचा. रोजचा पंप ती आपल्यासमोर घेईल. आपण दुसरं काही करत नसताना, तिच्याकडे बघत. बसून बोलता येत नसेल, बरगड्यांत खळगे पडत असतील, निळ्याने भागत नसेल तर कुणाला न विचारता दवाखाना. मलाही विचारायचं नाही. वाटेत फोन कर. मी तुला एवढंच विचारेन की कुठे पोचलात.

थंडीत बाहेर पळू दे. नाकावर मफलर गुंडाळ आणि आधी थोडं चालू दे. तिला पळू न देणं हा औषधाचा भाग नाही, असं बाई दोनदा म्हणाल्या, आणि दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून.

घाबरणारं माणूस घरात असलं तर मला चालेल. ज्याला काहीच वाटत नाही त्याच्याकडे मी तिला पाठवणार नाही.

आई

११ जानेवारी

टिल्लीच्या आईस,

ती परत येतेय, बरोबर हे पत्र. काल दुपारी गाळ्यावरून कुणी गिऱ्हाईक आलं आणि त्याच्या अंगाला अत्तराचा भपका. ती चित्र काढत होती. पाच मिनिटांनी पेन्सिल ठेवली आणि म्हणाली, “बाबा, छाती आवळतेय. थोडीशी. इथे.” आणि बोटाने जागा दाखवली. निळा दिला, गिऱ्हाइकाला जिन्यात नेऊन बसवलं, खिडक्या उघडल्या. अर्ध्या तासात पुन्हा चित्र सुरू.

गिऱ्हाईक जरा दुखावलं. कपाटाचं काम बहुतेक गेलं.

ती झोपल्यावर मी बराच वेळ दारात उभा होतो. आडवी झोपली होती, एक पाय पांघरुणाबाहेर. तरी नाकापाशी हात नेऊन बघितला. तीन वेळा. चौथ्यांदा म्हणाली, “बाबा, चालू आहे.”

बाबा

२९ मार्च

प्रिय आई आणि बाबा,

बाई म्हणाल्या सहलीवरून प्रत्येकाने घरी एक पत्र लिहायचं. मी म्हटलं माझी घरं दोन आहेत, तर बाई म्हणाल्या मग दोन लिही. पण मला हात दुखतो म्हणून एकच लिहिते. आधी आईने वाचायचं कारण पत्ता तिचा आहे. मग बाबाला द्यायचं. फाडायचं नाही.

इथे एक मोठं तळं आहे आणि झाडांना पिवळी फुलं आली आहेत. त्यांची पूड उडते, सगळ्यांच्या बुटांवर बसते. काल आम्ही टेकडीवर गेलो. मी सगळ्यात पुढे नव्हते पण शेवटचीही नव्हते. शेवटी तो जाडा मुलगा होता, तो आमच्या वर्गातला, त्याला दमा नाही तरी.

वर गेल्यावर मला शिट्टी वाजायला लागली. छातीत. मी आधी एका दगडावर बसले आणि विचार केला की उतरल्यावर बघू, कारण सगळे थांबले असते. मग मी उठून बाईंकडे गेले आणि सांगितलं. बाईंनी सगळ्यांना बसायला सांगितलं. मी पंप घेतला, नळी लावून, थांबून थांबून. सगळे बघत होते. एका मुलीने विचारलं चव कशी असते, मी सांगितलं कडू. मग आम्ही हळू उतरलो.

दोन मुलांना टेकडीच्या त्या बाजूला जायचं होतं, ते राहिलं. मला वाटलं ते माझ्यावर चिडतील. पण त्यांनी उतरताना तळ्यात दगड मारले. कुणी कुणाला रागावलं नाही.

टिल्ली